सातारा-सांगलीत पानं कधी रंगतात? पावसाच्या आकड्यांतून निघणारं वेळापत्रक

महाबळेश्वर : ५,५०० ते ६,००० मिलिमीटर. पाचगणी : १,७५० च्या आसपास. वाई : ७०० ते ८००. दहिवडी, आटपाडी, जत : ५०० च्या आतबाहेर.

हे वर्षाच्या सरासरी पावसाचे आकडे. महाबळेश्वरहून पाचगणीला यायला १९ किलोमीटर लागतात, तेवढ्यात पाऊस एक तृतीयांशावर येतो. पसरणी घाट उतरून वाईत पोचलं की तो पुन्हा निम्म्याहून कमी होतो. महाबळेश्वर ते माण तालुक्यातलं दहिवडी हे अंतर सरळ रेषेत १०० किलोमीटरही भरत नाही, आणि एवढ्या पट्ट्यात पाऊस अकरा-बारा पटींनी घटतो. २०१९ च्या पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजला ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला आणि चेरापुंजी मागे पडल्याच्या बातम्या झळकल्या. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला दुष्काळी तालुके आहेत.

ऑक्टोबर उजाडला की फोनवर काश्मीरच्या चिनारांचे आणि जपानच्या मेपलचे फोटो यायला लागतात आणि ‘आपल्याकडे असं कुठे बघायला मिळेल?’ हा प्रश्न निघतो. मिळतं, पण ऑक्टोबरात नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पानांचा हंगाम साधारण जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. तो पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. आणि त्यातला सर्वांत गडद लाल रंग झडणाऱ्या पानाचा नसतो, नुकत्याच फुटलेल्या पालवीचा असतो. या तिन्ही गोष्टींमागे पाण्याचा हिशेब आहे.

दोन तासांचा फरक

थंड प्रदेशात पान रंगतं ते दिवस आखडल्यामुळे आणि पारा उतरल्यामुळे. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साडेसहा तासांचं अंतर पडतं. सप्टेंबरअखेर दिवस रोज सुमारे तीन मिनिटांनी लहान होत जातो. झाड हरितद्रव्य तयार करणं थांबवतं, पानात आधीपासून असलेली पिवळी द्रव्यं उघडी पडतात आणि मेपलसारख्या झाडांत शेवटच्या दिवसांत अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने तयार होतं. जपानमध्ये ठोकताळा आहे तो किमान तापमानाचा : पारा ८ अंशांच्या खाली उतरू लागला की पानं रंगायला लागतात. म्हणून तिथे रंग होक्काइडोच्या डोंगरांवर सप्टेंबरात सुरू होतो आणि दक्षिणेकडे सरकत क्योटोला नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पोचतो. श्रीनगर ३४ अंशांवर आणि १,५८५ मीटर उंचीवर असल्याने तिथले चिनार ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेटलेले असतात.

सातारा शहर १७.७ अंशांवर. इथला सर्वांत लहान दिवस ११ तास ४ मिनिटांचा, सर्वांत मोठा १३ तास ११ मिनिटांचा. फरक जेमतेम दोन तासांचा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, सांगली ५५० मीटरवर. म्हणजे दोहोंच्या तापमानात फार तर पाच अंशांचा फरक पडतो. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी हिवाळ्यात येते खरी, पण तेवढ्या थंडीची एखाद-दुसरी रात्र पानं रंगवायला पुरत नाही. थंडीवर आणि उंचीवर बेत आखला, तर हाती काही लागत नाही. इथे झाडापुढचं संकट तहानेचं असतं.

२४० दिवसांचा हिशेब

मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो. मधे जवळपास २४० दिवस जातात. अवकाळीची एखादी सर किंवा वळवाचा पाऊस सोडला, तर झाडाला या आठ महिन्यांत जमिनीतल्या शिल्लक ओलीवर भागवायचं असतं. झाडाचं सर्वांत जास्त पाणी उडून जातं ते पानांतून. ओल कमी पडू लागली की झाड पानातलं सुमारे निम्मं नत्र आणि इतर कामाचे क्षार खोडाकडे ओढून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर धरतं आणि तिथून पान सुटतं.

त्यामुळे कुठलं झाड कधी झडणार, हे ओल किती दिवस पुरते यावर ठरतं. उथळ मुरमाड जमिनीवरची झाडं आधी उघडी पडतात, ओढ्याकाठची त्याच जातीची झाडं पुढे तीन-चार आठवडे हिरवी राहतात. एकाच टेकडीच्या माथ्यावरचा आणि पायथ्याचा साग फेब्रुवारीत पाहिला, तर दोघांत महिन्याचं अंतर दिसू शकतं.

या नियमाचा सर्वांत ठळक दाखला कास पठारावर मिळतो. सुमारे १,२०० मीटर उंचीचं हे पठार भरपूर पावसाच्या पट्ट्यात येतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यांत कास आहे. पण पठारावर जांभ्या खडकाचा सडा आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. पाऊस थांबला की पाणी टिकायला जागाच नाही. सप्टेंबरात फुलांनी भरलेलं हे पठार ऑक्टोबरअखेर सोनेरी आणि नोव्हेंबरात करडं होतं. भोवतालच्या दऱ्यांमधलं जंगल मात्र तेव्हा गर्द हिरवं असतं. सारखाच पाऊस, फरक मुख्यतः मातीच्या जाडीचा. पाऊस किती पडला यापेक्षा मुळाशी किती उरला, हा आकडा खरा.

पूर्वेकडे उलट गंमत असते. आटपाडी, जत, माण या भागांत पाऊस कमी, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसातून मिळतो. त्यामुळे जून-जुलैत कोरडा दिसणारा माणदेश ऑक्टोबरात हिरवा होतो आणि डिसेंबर-जानेवारीत पुन्हा रिता होतो. हिवर, खैर, बाभूळ या तिथल्या झाडांची पानंही बारीक. रंगांचा देखावा तिथे शोधू नये. तिथे पाहायचं ते वाळल्या गवताचे माळ आणि त्यात उठून दिसणारी उघडी झाडं.

हातानं केलेली पानगळ

पाणी तोडलं की पान झडतं आणि पाणी दिलं की फुटतं, हे माणदेशातला डाळिंब बागायतदार कुठल्याही वनस्पतीशास्त्रज्ञाइतकं नेमकं जाणतो. त्याचा व्यवसायच त्यावर उभा आहे. डाळिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार धरता येतात. बहार धरायचा म्हणजे आधी बाग ताणावर सोडायची. जमिनीच्या मगदुरानुसार महिना-दीड महिना पाणी बंद. पानं पिवळी पडायला लागली की पाण्यात पानगळीचं इथ्रेल हे रसायन मोजून मिसळून फवारणी करतात. चार-आठ दिवसांत झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी. काही दिवसांत काटेरी फांद्यांवर तांबूस पालवी दिसते आणि तिच्या मागोमाग कळी येते. आंबे बहाराची बाग जानेवारी-फेब्रुवारीत आटपाडीच्या रस्त्याला पाहिली, तर निसर्गाला चार महिने लागणारा सगळा क्रम दीड-दोन महिन्यांत उरकलेला दिसतो.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांचंही तसंच. युरोपातल्या द्राक्षवेली शरद ऋतूत लाल-पिवळ्या होऊन आपसूक झडतात, त्यासाठी तिथे पर्यटक येतात. इथे हिवाळा सौम्य असल्याने वेल स्वतःहून पूर्ण झोपी जात नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, अशा दोन छाटण्या माणसालाच कराव्या लागतात. ऑक्टोबरात सांगली जिल्ह्यात पानं झडलेली कुठे दिसत असतील, तर ती छाटणीला आलेल्या द्राक्षबागेत.

तिसरी गोष्ट कालव्यांची. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी पूर्व भागात फिरलं, तशी कालव्याकाठच्या आणि बांधावरच्या झाडांची पानगळ लांबली. एकाच गावात पाटाखालचं लिंब हिरवं आणि माळावरचं लिंब रितं, असं दृश्य फेब्रुवारीत सहज दिसतं.

फेब्रुवारीतली ३० मिनिटं

आता लाल रंगाकडे. पाण्याचाच हिशेब असेल, तर झाडांनी नवी पानं जूनमध्ये, पाऊस पडल्यावर काढायला हवीत. साग तसंच करतो, त्याला नवं पान मे-जूनमध्ये फुटतं. पण कोशिंब, पिंपळ, लिंब, आंबा आणि सह्याद्रीतली कितीतरी झाडं मार्च-एप्रिलच्या रणरणत्या उन्हात पालवी काढतात. पावसाला तेव्हा दोन-तीन महिने अवकाश असतो.

याचं एक उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. उष्ण कटिबंधातल्या कोरड्या जंगलांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस नसतानाही अनेक झाडं दिवस ३० मिनिटांनी किंवा त्याहूनही कमी वाढला की पालवी काढू लागतात, असं त्यात दिसलं. साताऱ्याचं गणित त्याला जुळतं : २१ डिसेंबरला ११ तास ४ मिनिटांचा असलेला दिवस १५ फेब्रुवारीला ११ तास ३५ मिनिटांचा होतो. जुनी पानं टाकल्याने वाचलेलं खोडातलं पाणी आणि खोल मुळांनी आणलेली ओल, या भांडवलावर झाड नवी पानं उभी करतं. फायदा असा की पहिला पाऊस येतो तेव्हा पान तयार असतं. आणि पावसाबरोबर येणाऱ्या अळ्या-किड्यांच्या झुंडी येईपर्यंत ते कोवळंही राहिलेलं नसतं.

पालवी लाल असते ती अँथोसायनिनमुळे. मेपलच्या मरणाऱ्या पानातलं द्रव्य आणि कोशिंबाच्या जन्मणाऱ्या पानातलं द्रव्य एकाच कुळातलं. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि डोक्यावर मार्चचं ऊन असतं. हे लाल द्रव्य जादा प्रकाश अडवून पान करपू देत नाही. किड्यांना असं पान फारसं रुचत नाही, असंही अभ्यासक मानतात. एका झाडावर हा लाल रंग दोन-तीन आठवडे टिकतो. पुढे तो तांबूस, मग पोपटी आणि एप्रिलअखेर हिरवा होतो.

महिनावार वेळापत्रक

नोव्हेंबर-डिसेंबर : पठारांवरचं आणि माळांवरचं गवत सोनेरी. काटेसावर पानं टाकायला लागते. जंगल अजून हिरवं.

जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य : कोरड्या टेकड्यांवर साग झडतो, धावड्याची पानं गळण्याआधी तांबूस होतात. शहरांत देशी बदाम लाल. सावरीला निष्पर्ण फांद्यांवर फुलं.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य : पळस आणि पांगारा फुलतात. पळसाची तीन-तीन दलांची पानं झडून फांद्या केशरी होतात. मिश्र पानझडी जंगल सर्वांत विरळ दिसण्याचा हा काळ.

मार्चचा दुसरा आठवडा ते एप्रिलचा पहिला : कोशिंब लाल, पिंपळ तांबूस, लिंबाला कोवळी पालवी. रंगांच्या दृष्टीने हंगामाचा कळस.

एप्रिलचा मध्य ते मे : पालवी हिरवी होते, बहावा पिवळा फुलतो. पानांचा हंगाम संपतो, फुलांचा उरतो.

गुढीपाडव्याला लिंबाची कोवळी पानं लागतात, म्हणून पाडवा हीच पालवीची तारीख मानायची पद्धत आहे. पण पाडवा चंद्रावर चालतो आणि झाड सूर्यावर व ओलीवर. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. म्हणजे चार वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. सहलीसाठी इंग्रजी तारीख धरावी.

कुठे जावं

पहिला पट्टा, सागरेश्वर. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य अवघं १०.८७ चौरस किलोमीटरचं, १९८५ मध्ये घोषित झालेलं. उजाड डोंगरावर झाडं लावून ते उभं करण्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे कष्ट आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत इथे पानगळ ऐन भरात असते. वरून पाहिलं की एका बाजूला रितं, खाकी रंगाचं कोरडं जंगल आणि खाली कृष्णाकाठचा हिरवा ऊस. पाणी असलेली आणि नसलेली जमीन एका नजरेत पाहायला दोन्ही जिल्ह्यांत यासारखी जागा विरळा.

दुसरा पट्टा, खंबाटकी आणि पसरणी घाट. फेब्रुवारीत सावर, पांगारा, पळस. पसरणी घाटात चढताना रिती झाडं मागे पडून पाचगणीच्या बाजूला हिरवी वाढत जातात. सुरुवातीला दिलेले पावसाचे आकडे इथे अर्ध्या तासाच्या प्रवासात डोळ्यांनी वाचता येतात.

तिसरा पट्टा, आणि एकच सहल करायची असेल तर हाच : मेढा-केळघर, सातारा-कास-बामणोली आणि पाटण-कोयनानगर-कुंभार्ली हे तीन रस्ते. इथे ऐन, किंजळ, बेहडा, हिरडा यांच्या पानझडी जंगलात सदाहरित झाडं मिसळलेली आहेत. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही झाडं रिती, काही गर्द हिरवी आणि मधूनच कोशिंब रक्तासारखा लाल. सकाळी लवकर निघावं. कोवळं पान पातळ असतं, ऊन तिरपं असताना झाडाच्या सावलीच्या बाजूने वर पाहिलं की रंग उजळतो. दुपारच्या उभ्या उन्हात तोच रंग मातकट दिसतो.

चौथा पट्टा, महाबळेश्वर, कोयना आणि चांदोली. कोयना अभयारण्य ४२३.५५ चौरस किलोमीटर, चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटर. हे दोन्ही २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. इथलं माथ्यावरचं जंगल जांभूळ, अंजनी, पिसा अशा झाडांचं, कधीच पूर्ण रितं न होणारं. जुनं पान गळतं आणि नवं फुटतं ते एकाच वेळी, त्यामुळे पानगळ दिसतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये कोवळ्या पानांची गुलाबी-तांबूस छटा हिरव्या छतावर पसरते आणि अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात. प्रकल्पाच्या हद्दीत शिरताना वनखात्याची परवानगी आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात. पावसाळ्यात तिथलं पर्यटन बंद असतं.

पाचवा पट्टा घराजवळचा. दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, कचेऱ्या, जुने बंगले यांच्या आवारात देशी बदामाचं झाड हमखास असतं. परदेशातल्यासारखं गळण्याआधी लालभडक होणारं पान हवं असेल, तर ते याच झाडाचं. वीतभर लांबीचं हे पान कडेकडून रंगत जातं. अर्धं हिरवं आणि अर्धं किरमिजी, मधली शीर पिवळी, असं पान जानेवारीत पायाखाली सापडतं. सागाचं पान त्याच्याही दुप्पट, काचपेपरासारखं खरखरीत आणि गळताना नुसतंच तपकिरी. त्याच सागाचं कोवळं पान मात्र जूनमध्ये बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात.

कुठल्या वर्षी आधी, कुठल्या वर्षी उशिरा

वरच्या तारखा दोन आठवडे मागे-पुढे होतात. त्यांचा अंदाज बांधायला दोन गोष्टी पुरतात. एक, ऑक्टोबरचा पाऊस. परतीचा पाऊस लांबला किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी झाला, तर जमिनीत ओल जास्त टिकते आणि पानगळ उशिरा होते. पाऊस सप्टेंबरातच ओढ देऊन गेला, तर जानेवारीच्या सुरुवातीलाच टेकड्या रित्या होतात. दुसरी, फेब्रुवारीतली उष्णता. ती लवकर चढली तर फुलं आणि पालवी घाई करतात आणि लाल रंगाचे दिवसही कमी होतात.

याच काळात वाळलेलं गवत आणि पाचोळा यांमुळे वणव्यांचा धोका सर्वांत मोठा असतो. वनखातं पावसाळ्यानंतर जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत आधीच काढून किंवा जाळून टाकतं. तरी घाटात फेकलेली एक विडी किंवा विझवायची राहिलेली चूल डोंगर पेटवायला पुरते. कोवळ्या पालवीचं झाड एकदा होरपळलं की त्या वर्षीचं भांडवल संपतं, पुन्हा पालवी काढायला त्याच्याकडे पाणी उरलेलं नसतं.

तारखा लिहून ठेवाव्यात

जपानचं हवामान खातं १९५३ पासून ठरावीक झाडांच्या फुलण्या-रंगण्याच्या तारखा नोंदवत आलं. त्या नोंदींमुळेच आज सांगता येतं, की तिथे मेपल रंगण्याची तारीख सत्तर वर्षांत दोन आठवड्यांहून अधिक पुढे गेली आहे. तापमानवाढीचा हा पुरावा झाडांकडे पाहणाऱ्या माणसांनी गोळा केलेला आहे. भारतात ‘सीझनवॉच’ हा नागरिकांचा उपक्रम याच पद्धतीने चालतो : एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं पाहायची आणि नोंद करायची.

सातारा-सांगलीत अशा नोंदींचं मोल आणखी जास्त आहे, कारण इथे शंभर किलोमीटरच्या आत पावसाचे चार-पाच पट्टे मिळतात. महाबळेश्वर, वाई, सातारा, विटा आणि जत इथल्या एकेका शाळेने आवारातल्या पिंपळाची फक्त एक तारीख दरवर्षी फळ्यावरून वहीत उतरवली, पहिली तांबूस पालवी दिसल्याची, तरी दहा वर्षांत पन्नास तारखा जमतील. मग वर दिलेल्या वेळापत्रकातला दोन आठवड्यांचा सैलपणा प्रत्येक गावापुरता कमी करता येईल. पूर्वेकडे कालव्याचं पाणी आल्याने आणि पश्चिमेकडे पाऊस बेभरवशाचा झाल्याने झाडांचं वेळापत्रक किती हललं, तेही अंदाजाने सांगावं लागणार नाही.